रुमालाखालचा शब्द

साहेब,

आज मुलाखती घेतल्या. टॅक्सच्या कामाला नवीन माणूस हवं होतं, अनुभव नसला तरी चालेल अशी जाहिरात दिली होती, आणि सकाळपासून पोरं-पोरी येत होती. त्यात शिरपूरकडची एक मुलगी आईला घेऊन आली होती. आई बाहेरच्या बाकावर मांडीवर पिशवी धरून, पावलं बाकाखाली ओढून बसली होती. मी उठून दारात गेले आणि म्हटलं, ‘काकू, तुम्ही पण आत या.’ मुलीचा चेहरा असा काही झाला की मला हसू आवरेना. बिचारीला वाटलं असेल, संपलं, गेली नोकरी. तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे. याच खोलीत, याच टेबलासमोर मी तोच चेहरा करून बसले होते, आणि समोरच्या खुर्चीत तुम्ही होतात. तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण सगळे उमेदवार गेल्यावर दुसरं काम सुचेना, म्हणून हा कागद पुढे ओढला.

त्या दिवसाची तुमची बाजू तुम्हाला ठाऊक होती, माझी मी कधी सांगितली नाही. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. चाळीसगाव लाइनीवरचं आमचं गाव, घरची कपाशी, विहिरीला पाणी, खाऊनपिऊन सुखी माणसं. मी धुळ्याला ये-जा करून बी.कॉम. झाले होते. घरात पहिल्यांदाच कोणी पदवी आणली होती, त्यामुळे आता हिचं पुढे काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं. फक्त काकांना कळत होतं. त्यांनी पारोळ्याकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं, बागायती, एकुलता एक मुलगा, नाव ठेवायला जागा नाही. चैत्र लागला तसे ते रोज आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मागे लागले. आबा हो म्हणेनात नि नाही म्हणेनात. ‘आखाजी व्हवू दे, मंग दखसूत,’ एवढंच म्हणायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासरच्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या गर्दीगडबडीत काका पाहण्याचा कार्यक्रम उरकून घेणार हे मला स्वच्छ दिसत होतं. त्याआधी नोकरी लागली तर मी सुटले; नाही तर पुढच्या आखाजीला मीही पाहुणी म्हणूनच झोक्यावर बसणार होते. तुमच्या ऑफिसची जाहिरात मी पेपरातून कापून पाकिटात ठेवली होती. दुसरा अर्ज मी कुठे केलाच नव्हता, कारण एकट्या मुलीला रोज गाडीनं जाऊन परत येता येईल असं धुळ्याशिवाय दुसरं गाव नव्हतं.

आबा बरोबर येणार हे ठरलेलंच होतं. मी त्यांना गाडीतच सांगून ठेवलं, ‘आबा, तुम्ही स्टेशनवर थांबा. मुलाखतीला वडील येत नसतात.’ ते ‘हाव’ म्हणाले, आणि मग स्टेशनपासून पाचव्या गल्लीतल्या तुमच्या ऑफिसापर्यंत माझ्या दोन पावलं पुढे चालत आले. धुवट धोतर, टोपी, खांद्यावर रुमाल. बैलबाजारात जाताना असायचा तोच थाट. बाजारात आबांना मान होता. ते दलाली करत नसत, पण सौदा अडला की लोक त्यांना बोलावून न्यायचे. तुम्हाला सांगायला नको, पण हल्लीच्या पोरांना हे सांगावं लागतं, की बाजारात बैलाची किंमत तोंडानं बोलत नाहीत. घेणारा नि देणारा हातांवर रुमाल टाकतात, खाली एकमेकांची बोटं धरतात, दाबतात, सोडतात. भोवती माणसांचं कडं असलं तरी तिसऱ्याला पत्ता लागत नाही. चेहऱ्यावरची रेषा हलू द्यायची नाही. ठरलं की ठरलं, त्याला कागद लागत नाही. आणि रुमालाखाली काय झालं ते कोणी कोणाला सांगत नाही.

तुमच्या ऑफिसच्या बाकावर आणखी तिघं होती. एकानं तर टाय बांधला होता. धुळ्याच्या चैत्रात टाय! त्याच्या धीराचं मला आजही कौतुक आहे. शिपाई म्हणाला, ‘एकेकानं आत जायचं.’ माझं नाव पुकारलं तसे आबाही उठले. मी डोळ्यांनी दटावलं, त्यांनी ते पाहिलंच नाही. आणि तुम्ही त्यांना बाहेर घालवायचं सोडून अर्धे उभे राहिलात. ‘बसा आबा. कोनतं गाव?’ म्हणालात. आमच्या घरची बोली इतक्या मोठ्या टेबलामागून येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग तुमचं दोघांचं सुरू झालं, गावातलं कोण कोण ओळखीचं, यंदा कपाशी कशी, ढोरांना चारा पुरेल का. मी फाइल छातीशी धरून बसले आहे, हाताच्या घामानं तिचा पुठ्ठा मऊ पडतो आहे, आणि मुलाखत माझी आहे हे दोघांच्याही लक्षात दिसत नाही.

मग एकदम तुम्ही माझ्याकडे वळलात. ‘एक शेतकरी आहे. कापूस विकतो, त्यावर इन्कम टॅक्स नाही. त्याच माणसानं बैलजोडी घेतली आणि पुढे नफ्यानं विकली. त्या नफ्यावर टॅक्स आहे का?’ माझ्याआधीच्या टायवाल्यानं याचं उत्तर कलमासकट दिलेलं काचेतून ऐकू आलं होतं, आणि चांगलं दिलं होतं. मलाही कलमं पाठ होती. ती त्या क्षणी सगळी पळाली आणि डोळ्यांपुढे आमचा गोठा तेवढा उभा राहिला. मी म्हटलं, ‘आधी एक विचारावं लागेल सर. बैल औताला जुंपले होते, की बाजारात विकायलाच घेतले होते?’

‘आणि तो खोटं बोलला तर?’

‘जुंपलेल्या बैलाच्या मानेवर जूचा घट्टा असतो. हात फिरवला की कळतं.’

‘आणि ऑफिसरच्या टेबलावर बैल कसा नेणार?’

शेजारी आबा खुदकन हसले. मला आला राग. माझा राग नाकावर असतो हे पुढे तुम्ही पुष्कळ पाहिलंत, पण त्या दिवशी तो कामाला आला. मी म्हटलं, ‘बैल नका नेऊ. पण त्यानं शेत कोणाच्या औतानं नांगरलं ते गावात विचारता येतं. भाड्याचं औत लावलं असेल, तर स्वतःचे बैल बाजारासाठीच होते.’ तुम्ही खुर्चीत मागे रेलून माझ्याकडे पाहिलंत आणि पेनचं टोपण लावून टाकलंत. ‘बरं. पगाराची काय अपेक्षा?’

याचं उत्तर मी आरशासमोर घोटून आले होते. ते तोंडात येईपर्यंत आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या उजव्या हातावर टाकला आणि तो हात टेबलावरून तुमच्यापुढे केला. साहेब, धरणीनं पोटात घ्यावं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. काचेपलीकडून तिघंही पाहत होती, टायवाला तर उठून उभा राहिला होता. मी ‘आबा!’ म्हटलं. पण तुम्ही शर्टाची बाही वर सारलीत आणि हात रुमालाखाली घातलात. तुमच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, कुतूहल नव्हतं, काहीच नव्हतं. बाजारात मुरलेल्या माणसाचा चेहरा होता तो. रुमाल दोनदा हलला. तुम्ही मान नकारार्थी हलवलीत. आबांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. मला वाटलं, गाडीची काळजी पडली. पुन्हा रुमाल हलला, आणि तुम्ही म्हणालात, ‘झालं.’ आबा म्हणाले, ‘शब्द?’ तुम्ही म्हणालात, ‘शब्द.’ मग चहा आला.

परतीच्या गाडीत मी विचारलं, ‘किती ठरलं?’ आबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, ‘रुमालनी गोट रुमालमाच ऱ्हास.’ गाव येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. माझा सौदा झाला होता आणि मलाच भाव माहीत नव्हता.

सोमवारी मी कामाला लागले. आखाजी आली नि गेली, काकांना गप्प बसावं लागलं. पगार मला वाटला होता त्याहून बरा निघाला, तेव्हा आबांच्या रुमालाबद्दलचा माझा राग थोडा उतरला. तुमच्याकडे पाहत पाहत मी काम शिकले. तुम्ही शिकवत आहात असं कधी वाटलंच नाही. सहीला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही समोर बसवून त्याचं रिटर्न त्याच्या बोलीत वाचून दाखवायचात. जिनिंगवाला असो की किराणावाला, ‘साहेब, द्या हो, करतो सही’ म्हणाला तरी तुम्ही पेन हातात देत नसायचात. ‘तुझ्या नावानं मी काय बोललोय ते आधी ऐक,’ म्हणायचात. माणूस जिना उतरून गेल्यावर त्याच्याबद्दल वेडंवाकडं बोलायची ऑफिसात कोणाची छाती नव्हती. एकदा कोणीतरी एका गिऱ्हाइकाची नक्कल केली तर तुम्ही त्याला म्हणालात, ‘तो परत आला की त्याच्यासमोर करून दाखव, मग मी हसतो.’ माणूस एवढा सरळ राहून धंदा करू शकतो, यावर तुम्हाला पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता.

पण एका गोष्टीवरून माझी तुमच्यावर फार चरफड व्हायची. पाच वाजले की तुमची घंटी वाजायची. ‘गाडीची वेळ झाली, निघ.’ रोज. सप्टेंबर उजाडला, ऑडिटची धांदल सुरू झाली, बाकीचे सगळे मान मोडून बसलेले, आणि मी मात्र पाचला पर्स उचलून जिना उतरते आहे. महत्त्वाची फाइल माझ्याकडे येईना, कारण ती संध्याकाळी लागायची. माझ्याकडे बेरजा नि पत्रं. पोरं म्हणायची, ‘पाच वाजले, चिमणी उडाली.’ मी मुलगी म्हणून साहेबांनी मला बाजूला ठेवलंय, हे मी मनाशी पक्कं केलं, आणि एका दुपारी न विचारता तुमच्या खोलीत शिरले. म्हटलं, ‘मला शोभेला ठेवलंय का? मला पण थांबायचंय.’

तुम्ही म्हणालात, ‘मी शब्द दिलाय.’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काय ठरलं ते तुम्ही उच्चारलं नाहीत, पण मला आबांची घड्याळाकडे गेलेली नजर आठवली. रुमालाखाली पगार ठरलाच नव्हता. पगार तुम्ही आपल्या मनानं दिला होता. ठरली होती ती मला सोडायची वेळ. मी तिथेच भडकले. ‘नोकरी मी करते सर, आबा नाही. मोडा तो शब्द.’

तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. ‘ज्याच्यासमोर शब्द दिला, त्याच्यासमोरच तो मोडायचा असतो. पाठीमागे मोडला तर त्याला लबाडी म्हणतात. एवढं कळत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस.’ तुम्ही मला असं बोललात ते त्या एकदाच. आग्रा रोडनं स्टेशनकडे जाताना माझे डोळे वाहत होते आणि मी ते पुसतही नव्हते. पण तुमचं म्हणणं खरं होतं, आणि ते खरं आहे म्हणूनच जास्त झोंबत होतं.

घरी आले तर आबा बैलांना पेंड घालत होते. भांडायचं ठरवून आले होते, पण तुमचे शब्द डोक्यात होते. शांतपणे म्हटलं, ‘आबा, मला पाचला घरी पाठवतात. खरं काम पाचनंतर चालतं.’ ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘गाडी चुकनी ते? रातले कठे ऱ्हाशी?’ एवढंच. मला इतके महिने वाटत होतं की यांचा माझ्यावर भरवसा नाही. त्यांचा भरवसा गाडीवर नव्हता. मला एकदम त्यांची माया आली आणि मीही बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या बाजारच्या दिवशी, कोणाला न सांगता, आबा ऑफिसचा जिना चढून आले. तोच थाट, तोच रुमाल. या वेळी काचेपलीकडे सगळं ऑफिस उभं होतं, पण हसलं कोणी नाही. तुम्ही बाही सारलीत. सौदा लांबला. दोनदा तुम्ही मान हलवलीत, एकदा आबांनी. काकू, म्हणजे तुमच्या घरच्या, वरच्या मजल्यावरच्या घरातून चहाचा ट्रे घेऊन खाली आल्या आणि रुमाल पाहून दारातच थबकल्या. आबांनी या वेळी घड्याळाकडे नाही, काकूंकडे पाहिलं. मग तुम्ही म्हणालात, ‘झालं.’ त्या दिवसानंतर पाचची घंटी बंद झाली. काम लांबलं की मी वर काकूंजवळ राहायचे. त्यांच्या ओट्यापाशी पाट टाकून खाल्लेली शेवभाजी, त्यांनी ‘अजून तिखट पाहिजे का गं’ म्हणत वाढलेला रस्सा, आणि ताटावरही तुमचं तेच कलमांचं बोलणं. काकू म्हणायच्या, ‘जेवू द्या हो पोरीला, पोटावर कर लावू नका.’

आबांनी काय मागितलं ते मला असं कळलं. तुम्ही त्यांच्याकडून काय मागून घेतलंत ते मात्र कधीच कळलं नाही. एवढंच पाहिलं, की पुढच्या आखाजीला काकांनी पुन्हा स्थळाचा विषय काढला तेव्हा आबा म्हणाले, ‘नही. मना शब्द गयेल शे.’ काका म्हणाले, ‘कोनले?’ आबांनी झोक्याचा दोर ओढून पाहिला. लग्न पुढे झालं, माझ्या पसंतीनं, आणि नोकरी न सोडता. त्याआधी जळगावला इन्कम टॅक्सच्या मोठ्या ऑफिसरपुढे मी पहिली सुनावणी चालवली. एस.टी.त तुम्ही म्हणालात, ‘आज मी नुसता सोबत आलोय. तोंड उघडणार नाही.’ आणि खरंच उघडलं नाहीत. मी अडखळले, तरी तुम्ही मागच्या खुर्चीत मख्ख बसून राहिलात. बाहेर आल्यावर उसाचा रस पाजलात आणि म्हणालात, ‘आबांना सांग, जोडी चांगली निघाली.’ माझ्या कामाची त्याहून मोठी तारीफ मला पुढे कोणी केली नाही.

आबा गेले. काही वर्षांनी तुम्हाला झटका आला, वाचा गेली, जळगावला दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला आले तर तुम्ही डाव्या हातानं खाटेच्या कडेवरचा टॉवेल ओढलात, हातावर घेतलात आणि हात माझ्यापुढे केलात. तुमच्या मुलाला कळेना काय चाललंय. मला कळलं. मी टॉवेलाखाली हात घातला. तुम्ही माझी दोन बोटं दाबलीत, सोडलीत, मग सगळा पंजा धरून ठेवलात. माझ्याकडे पाहिलंत. मी मान डोलावली, म्हटलं, ‘झालं, साहेब.’ तुम्ही डोळे मिटलेत. त्यानंतर आपली भेट नाही.

आज त्या शिरपूरच्या काकूंना मी आत बसवलं. मुलगी चुणचुणीत आहे, तिला घेणार आहे. शेवटी आईला विचारलं, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ तर पिशवीची कड चाचपत म्हणाली, ‘पोरले कितीले सोडशात?’ पगार नाही विचारला तिनं. मग मी तिला वेळ सांगितली, आणि शब्द दिला.

हे सगळं तुम्हाला कुठे पाठवणार? कागद टेबलाच्या खणात राहील. पण लिहायला बसले ते एका गोष्टीसाठी, ती राहून जाऊ नये. त्या दिवशी टॉवेलाखाली तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं नव्हतं. आबांनी मला बोटांची ती भाषा कधी शिकवली नाही, मीही कधी शिकवा म्हटलं नाही. नंतर बाजारातल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, दोन बोटं नि मग पंजा म्हणजे काय? ते म्हणाले, ‘सौदा कशाना व्हता?’ मला ते सांगता येईना. म्हणाले, ‘मंग आकडा काय कामना?’ लोकांना मात्र मी आजवर ऐटीत सांगत आले, साहेबांशी माझा शेवटचा सौदा झालाय, आणि रुमालातली गोष्ट रुमालातच राहते. माझ्यापाशी काहीच नाही, साहेब. मी नुसती मान डोलावली होती. पण शब्द ज्याच्यासमोर दिला त्याच्यासमोरच मोडायचा असतो, आणि तुम्ही आता समोर नाही. म्हणून, काय ठरलं होतं ते ठाऊक नसताना, मी ते अजून पाळते आहे.